रात्रीची लाईट दिवसा आली

बांधावरचा (धागाकर्ता)

परवा आमच्या नानांनी खुंटीवरची तीन सेलची बॅटरी काढली, सेल बाहेर काढून कागदात गुंडाळले आणि बॅटरी कपाटात ठेवून दिली. घरात कुणी काही बोललं नाही. मला मात्र तेव्हापासून इथे लिहायचं होतं.

आमची शेती वैजापूर तालुक्यात. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीने यायची. एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बारा-एकला उठायचं, कानटोपी घालायची, बॅटरी घ्यायची आणि विहिरीची वाट धरायची. ऑटो स्टार्टर लावला की मोटर आपली आपण चालू होते, पण वाफ्यांची दारं काही आपली आपण फिरत नाहीत. एक वाफा भरला की फावड्याने त्याचं तोंड बांधायचं, पुढचं फोडायचं, जानेवारीच्या थंडीत घोटाभर पाण्यात उभं राहून. साप-विंचू पहिल्यापासून होते, अलीकडे बिबट्याची भर पडली. एवढं करून तासाभरात एक फेज गेला की घरी येऊन पडायचं. झोप काही लागत नाही.

रात्रीच का? आमच्याशी कुणाचं वैर होतं म्हणून नाही. कोळशाचं वीजकेंद्र संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही, रात्रीसुद्धा ते किमान भारावर चालवावंच लागतं. शहरं झोपली की उरलेल्या विजेला गिऱ्हाईक पाहिजे. ते गिऱ्हाईक आम्ही.

सौरऊर्जेने हे गणित उलटं केलं. आता स्वस्त वीज दुपारी होते.

गावाजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीपंपांना दिवसा लाईट द्यायची ती मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना, 2017 ची. राळेगणसिद्धीच्या प्रकल्पाचं नाव तेव्हा गाजलं, पण पुढची काही वर्षं योजना रांगतच होती. 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि तिथून वेग आला. प्रकल्पाला दिलेल्या जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला 75 हजार होतं ते सव्वा लाख झालं, वर दरवर्षी 3 टक्के वाढ. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प, तिला वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षं. निविदांमध्ये वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळाली. शेतीपर्यंत वीज पोचवायला एरवी महावितरणला याच्या दुपटीहून जास्त खर्च येतो, त्यामुळे सरकारला घाई असणं समजण्यासारखं आहे. लक्ष्य आधी 7 हजार मेगावॉटचं होतं, नंतर 16 हजारांवर नेलं. दुसऱ्या आवृत्तीतला पहिला प्रकल्प आमच्याच तालुक्यात, धोंदलगावला, 3 मेगावॉटचा, सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला.

3 मेगावॉट ऐकायला किरकोळ वाटतं. राजस्थानात भडल्याला एका वाळवंटात 2,245 मेगावॉट आहे, कर्नाटकात पावगड्याला 2,050. त्यांचे आकाशातून काढलेले फोटो छान येतात. आपल्याकडे या योजनेत तीन, पाच, आठ मेगावॉटचे तुकडे, प्रत्येक आपापल्या उपकेंद्राजवळ. फोटोत काही दिसत नाही. पण पाच एचपीची मोटर म्हणजे पावणेचार किलोवॉट. कडक उन्हात 3 मेगावॉटवर अशा आठशे मोटरी एकाच वेळी चालतात. पॅनल आणि मोटर एकाच उपकेंद्रावर, मग शेकडो किलोमीटर तारा ओढून वीज आणायची गरज काय? महाराष्ट्राने मोठ्या पार्कांच्या मागे न लागता हे केलं ते मला बरोबर वाटतं. वाद घाला.

तुमच्याकडे दिवसाची लाईट पोचली का? छतावर सोलर बसवलेल्यांनीही लिहा.

सांगलीची सई

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). वाचताना आमचे आजोबा आठवले, त्यांची कानटोपी आणि तीच ती पिवळ्या उजेडाची बॅटरी.

एक बावळट प्रश्न. प्रकल्पातून शेतात वेगळी लाईन जाते का? आणि ढग आले की मोटर बंद?

खांबावरचा

सईताई, प्रश्न बावळट नाही, आमच्या गावचे सरपंचही हेच विचारत होते. मी लाईनवर 34 वर्षं काढली, आता घरी आहे.

वेगळी लाईन नाही. प्रकल्पाची वीज उपकेंद्रात येऊन पडते. तिथून शेतीचे फिडर, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या मुख्य लाईनी, निघतात. ढग आला आणि पॅनलची वीज अर्ध्यावर आली, तर कमी पडेल तेवढी वरच्या लाईनवरून येते. फिडर चालूच. उलट पाऊस पडून गेला, मोटरी बंद आहेत आणि ऊन कडक पडलं, तर वीज उलटी वर जाते. वीज पाण्यासारखी आहे, कुठल्या विहिरीची ते तिला विचारून उपयोग नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. गावठाणाचा आणि शेतीचा फिडर आधीच वेगळा केला होता म्हणून हे जमलं. गुजरातने ज्योतिग्राम योजनेत तेच केलं होतं. फिडर एकच असता तर शेतीला आठ तास थ्री फेज आणि घराला चोवीस तास सिंगल फेज हा खेळ करत बसावं लागलं असतं. आम्ही तो केलाय. त्यात लोक घरच्या सिंगल फेजवर कंडेन्सर लावून मोटर ओढायचे आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जाळायचे. जळलेली डीपी बदलून मिळेपर्यंत गावाच्या शिव्या कुणाला, तर वायरमनला.

माडाखाली

छतावरचे आम्ही. रत्नागिरी जिल्हा. पीएम सूर्यघर योजनेतून 550 वॉटचे सहा पॅनल, सव्वातीन किलोवॉट. अनुदान 78 हजार, ते खात्यात आलं. (1 किलोवॉटला 30, 2 ला 60, 3 किंवा जास्तीला 78, तिथे थांबतं. पाच बसवलेत तरी तेवढंच.)

आमचे आकडे: एप्रिलमध्ये 402 युनिट, जुलैमध्ये 178. कोकणात विकणारे लोक तुम्हाला एप्रिलचा आकडा दाखवतात. किलोवॉटला रोज चार युनिट ही वर्षाची सरासरी झाली, आषाढाची नव्हे.

आता तक्रार. बसवणाऱ्या एजन्सीने (नाव घेत नाही) पाहणी सकाळी दहाला केली. दुपारी तीनला शेजारच्या माडाची एक झावळी दोन पॅनलांवर सावली टाकते हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं दोन पॅनल गेले तर गेले, चार आहेत. तसं नसतं. सगळे एका माळेत जोडलेले, त्यामुळे सावली एका टोकाला आणि तीननंतर फटका सगळ्यांना. मी महिनाभर इन्व्हर्टरचं ॲप बघून डोकं खाजवत होते. शेवटी आमच्या कामाच्या माणसाने वर बघितलं आणि म्हणाला, "वैनी, झावळी तोडूया काय?" शेजाऱ्यांना दोन नारळ जास्त देऊन विषय मिटवला.

आणि खांबावरचे काका, एक राग तुमच्या लोकांवर. लाईट गेली की आमचं सोलरही बंद! टळटळीत ऊन, छतावर तीन किलोवॉट, आणि खाली पंखा बंद. हा काय न्याय?

खांबावरचा

न्यायच आहे ताई. लाईट गेली म्हणजे बहुतेक वेळा खांबावर आमचा माणूस चढलेला असतो. त्याने सबस्टेशनमधून लाईन बंद करून घेतलेली असते. तेवढ्यात तुमच्या छतावरून वीज उलटी तारेत आली तर? म्हणून लाईन मेली की इन्व्हर्टरने स्वतःहून बंद व्हायचं असा नियम आहे. लाईन अर्थिंगने जमिनीला जोडल्याशिवाय तिला हात लावायचा नाही हे आम्हाला शिकवलेलं असतं, पण घाईत माणूस चुकतो. माझ्या डोळ्यासमोरची एक गोष्ट आहे, ती सोलरची नव्हती, एका दुकानातल्या जनरेटरची होती. जाऊ द्या.

लाईट गेल्यावरही पंखा पाहिजे असेल तर बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घ्या. पैसे जास्त जातील.

माडाखाली

हे कुणी सांगितलं नव्हतं. तक्रार मागे.

चौथा मजला

ठाणे. सोसायटीचा सचिव, म्हणजे सगळ्यांच्या शिव्यांचा धनी. आमच्याकडे अडचण नियमांची नाही, गच्चीची आहे. दोन लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरसाठी सोलर बसवायचं ठरलं. सोसायट्यांना किलोवॉटला 18 हजार अनुदान आहे. किलोवॉटला शंभरेक चौरस फूट जागा लागते. गच्ची मोठी, पण पाण्याची टाकी, डिश अँटेना आणि दोन कुटुंबांची वाळवणं वजा केली तर राहतं काय?

वार्षिक सभेत सव्वा तास चर्चा झाली, त्यातला एक तास पापडांवर. एक काकू म्हणाल्या, सूर्य काय फक्त लिफ्टसाठी उगवतो का? मला उत्तर सुचलं नाही. शेवटी स्ट्रक्चर साडेसात फूट उंच घेतलं, खाली दोऱ्या. लोखंड जास्त लागलं. आता पापड सावलीत वाळत नाहीत अशी नवी तक्रार आहे.

खानदेशी

राम राम. बांधावरच्या भाऊंचा धागा चांगला, पण तुम्ही गोष्ट 2017 पासून सुरू केली. आमच्या धुळे जिल्ह्यात ती आधी सुरू झाली. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा प्रकल्प 2013 चा. त्याला कर्ज जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं. त्या काळात देशातल्या मोठ्या प्रकल्पांत त्याची गणना व्हायची. आज कुणाला आठवतही नाही.

आणि दुसरी गोष्ट विखरणची. जमीन आधी औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून घेतली, नंतर तिथे सौर प्रकल्प करायचं ठरलं. मोबदला इतका तोकडा की एका ऐंशी उलटलेल्या शेतकऱ्याने जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि पुढे ते गेले. सौरऊर्जा स्वच्छ असते असं सगळे म्हणतात. धूर येत नाही, एवढंच त्यातलं खरं. जमीन तीही खातेच, मेगावॉटला चार-पाच एकर.

म्हणून भाड्याची पद्धत मला बरी वाटते. सातबारा आपल्या नावावर राहतो. पावगड्यात शेतकऱ्यांनी तशीच जमीन दिलीय. पण 25 वर्षं म्हणजे एक पिढी. आज करार करणाऱ्याच्या नातवाला ती जमीन परत मिळेल तेव्हा त्याला नांगर धरता येत असेल का?

गोदाकाठ

खानदेशी यांना अनुमोदन, आणि थोडं पुढचं. या योजनेत खासगी जमिनीपेक्षा सरकारी जमीन सोपी पडते, म्हणून गायरानं निवडली जातात. कागदावर गायरान पडीक असतं. आमच्या मराठवाड्यात गायरानावर मेंढरं चरतात आणि कितीतरी भूमिहीन कुटुंबं, त्यात दलित जास्त, दोन-दोन पिढ्या ज्वारी-बाजरी घेतात. त्यांच्या नावावर काहीच नाही, त्यामुळे सव्वा लाखाच्या भाड्यातलं त्यांना काही मिळत नाही. तारेचं कुंपण पडलं की त्यांनी कुठे जायचं? पाच लाख ग्रामपंचायतीला मिळतात, त्यातून पेव्हर ब्लॉक बसतात.

दिवसाची लाईट पाहिजेच. माझ्या भावाचीही मोटर आहे. पण बागायतदाराची रात्र सुटावी म्हणून भूमिहीनाचा दिवस जायला नको.

बांधावरचा

गोदाकाठ, शेवटच्या ओळीवर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे प्रकल्पाला खासगी माळरान गेलं, त्यामुळे हे मला कळलं नव्हतं. मूळ धाग्यात लिहायला हवं होतं.

तिसरी पाळी

भोसरीत छोटी हीट ट्रीटमेंटची शेड आहे. नानांची बॅटरी कपाटात गेली त्याचं बिल थोडं आमच्याकडेही आलंय, गमतीने म्हणतोय.

पूर्वी आम्हाला रात्री दहा ते सकाळी सहा युनिटला दीड रुपया सूट असायची. कारण तेच, धागाकर्त्याने लिहिलेलं: रात्रीची वीज खपत नव्हती. त्या सवलतीच्या भरवशावर भट्टीचं जड काम तिसऱ्या पाळीला लावायचो. जुलै 2025 पासून नियामक आयोगाच्या आदेशाने सूट दिवसावर आली, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, आणि संध्याकाळी जादा आकार. (घरगुतीलाही नवीन मीटर असेल तर याच वेळेत 2025 मध्ये युनिटला 80 पैसे सूट सुरू झाली, बघून घ्या. गिरणी, वॉशिंग मशीन दुपारी लावा.)

रात्रपाळीचे चार जण दिवसाला आणले. त्यांच्या बायका खूश. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला साडेआठशे डिग्रीच्या भट्टीचं दार उघडून बघा. रात्रीची थंड हवा आमच्या कामाला सोयीची होती. कुणाची रात्र सुटली, कुणाची दुपार गेली.

म्युनिकवाली

माहेर नाशिक, सध्या म्युनिक. केएफडब्ल्यूचं नाव साक्रीच्या संदर्भात वाचून गंमत वाटली, इथे ती घराच्या कर्जामुळे माहीत असते.

इथे भाडेकरूसुद्धा बाल्कनीच्या कठड्याला दोन पॅनल अडकवतात, 800 वॉटपर्यंत, आणि वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात. आमच्याकडेही आहेत. डिसेंबरमध्ये त्यांच्यावर बर्फ असतो आणि उत्पादन चहाच्या किटलीला पुरणार नाही इतकं. तुमच्याकडचं ऊन बघून जीव जळतो.

एक इशारा: इथे उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी बाजारात विजेचा भाव शून्याखाली जातो. घ्यायला कुणी नाही. आणि संध्याकाळी सात वाजता तीच वीज महाग. महाराष्ट्रात हे व्हायला किती वेळ?

खांबावरचा

सुरू झालंय ताई, म्हणून तर वर भोसरीवाले रडतायत. 2025 च्या सुरुवातीला छतावरच्या सोलरवाल्यांनी दिवसा जमा केलेले युनिट दिवसाच वापरायचे, रात्रीच्या बिलात वळते करायचे नाहीत, असा प्रस्ताव आला होता. लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला. दोन्ही बाजू समजतात मला. तुम्ही दुपारी दोनला स्वस्त वीज जमा करता आणि रात्री नऊला महाग वीज काढता. बँकेत तांदूळ ठेवून बासमती मागण्यासारखं आहे ते. पण त्याच बोलीवर लोकांना लाखभर रुपये घालायला लावले हेही खरं.

उपाय साठवणुकीचा. आपल्याकडे घाटघरला 250 मेगावॉटचं केंद्र आहे, वर एक धरण, खाली एक. बांधलं तेव्हा विचार असा की रात्री फालतू विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळच्या गर्दीत खाली सोडून वीज करायची. आता तेच पाणी दुपारी चढवण्यात शहाणपण आहे. सह्याद्रीत अशा जागा पुष्कळ आहेत, भिवपुरी, शिरवटा इथे नवीन होऊ घातलेत. कोकणकडा हीच आपली बॅटरी.

साडेसात एचपी

फिडरचं सोडा, मी स्वतंत्र सौरपंपवाला. मागेल त्याला सौर कृषिपंप. 10 टक्के भरले (अनुसूचित जाती-जमातीला 5), बाकी सरकारचे. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यावर साडेसात. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्याने एका महिन्यात 45,911 पंप बसवून गिनीजमध्ये नाव घातलं. माझा त्यातला नाही, आधीचा.

चांगलं: सकाळी आठला पाणी सुरू, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. डीपी जळाली, वर्गणी काढा, हे संपलं.

वाईट: पावसाने ओढ दिली की पिकाला पाणी पाहिजे असतं आणि आभाळ मात्र भरलेलं. नेमका तेव्हा पंप गुळणी टाकतो. बोअर तीनशे फुटांच्या खाली असेल तर साडेसातलाही दम लागतो. केबल चोरीला गेली एकदा. चोर कंट्रोलर सोडून फक्त तांबं घेऊन गेले, जाणकार असावेत. पॅनल मात्र दर रविवारी सकाळी उन्हं तापायच्या आत धुतो, पोरगा पाईप धरतो, मी काठीला बांधलेला वायपर. धुतल्या दिवशी धार बोटभर जाड पडते, हे डोळ्यांनी दिसतं.

सांगलीची सई

धागा वाचनखूण म्हणून साठवला. एक राहिलंच. पाणी दिवसा, रोज आठ तास, आणि साडेसात एचपीपर्यंत बिल सरकार भरतंय, मग विहिरीचं काय होणार?

बांधावरचा

सई, मी याच प्रश्नाची वाट बघत होतो आणि तो येऊ नये असंही वाटत होतं. फेब्रुवारीत आमची विहीर दुपारी चारला तळाला लागली. पूर्वी मार्चअखेर लागायची. शेजारच्या तिघांनी कांदा वाढवलाय, आम्हीही अर्धा एकर वाढवला. नाना म्हणाले, "रात्री कंटाळून तरी मोटर बंद करायचो."

ठिबक करायचं ठरतंय, बघू.

आणि एक ताजी बातमी. काल उपकेंद्रात काहीतरी काम निघालं, दिवसभर लाईट नाही, भरपाई म्हणून रात्री साडेअकराला दिली. नानांनी कपाट उघडलं. बॅटरी होती, कागदात गुंडाळलेले सेल आईने कुठे ठेवले ते तिलाच आठवेना. शेवटी माझा मोबाईल घेऊन गेले. परत आले तेव्हा तो चिखलात पडलेला होता. हा प्रतिसाद बायकोच्या फोनवरून.